वाटीला हात न लावता: अर्ध्या गुडघ्याचा इतिहास

भायखळ्याच्या भाजी मार्केटात कुणालाही विचारा, गुडघ्याच्या ऑपरेशनला सगळे एकच म्हणतात, ‘वाटी बदलली’. आजचा भाग मात्र अशा ऑपरेशनचा आहे, ज्यात वाटीला हातही लागत नाही. डॉक्टर त्याला ‘पार्शल’ म्हणतात. झिजलेला भाग बदलायचा, बाकीचा गुडघा आपलाच ठेवायचा. हे ऑपरेशन एकदा जवळजवळ मोडीत निघालं होतं. मग ते परत कसं आलं?

आधी गुडघा बघू. मांडीचं हाड नडगीच्या हाडावर टेकतं तिथे दोन कप्पे असतात. एक आतला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडचा, आणि एक बाहेरचा. तिसरा कप्पा वाटीच्या मागे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती संपली की हाडावर हाड घासतं. बऱ्याच जणांची झीज आतल्या कप्प्यात सुरू होते आणि पाय हळूहळू धनुष्यासारखे वाकतात.

मग एकच कप्पा खराब असेल तर तेवढाच दुरुस्त का करू नये? १९५० च्या दशकात मॅकिव्हर आणि मॅकिंटॉश या सर्जननी नडगीच्या हाडावर धातूची चकती बसवून पाहिली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लिओनार्ड मार्मर यांनी वर धातू, खाली प्लास्टिक असा एका कप्प्याचा सांधा सिमेंटने बसवायला सुरुवात केली.

त्याच काळात न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि आपले चित्तरंजन रानावत अख्ख्या गुडघ्यावर काम करत होते. १९७४ मध्ये त्यांचा ‘टोटल काँडायलर’ सांधा आला आणि तो चांगलाच टिकला. उलट १९८० मध्ये इन्सॉल यांनी अर्ध्या गुडघ्याचे पाच ते सात वर्षांनंतरचे निकाल छापले, ते निराशाजनक होते. झालं, बहुतेक सर्जन अख्ख्या गुडघ्याकडे वळले. हेच रानावत ऑक्टोबर २००० मध्ये ब्रीच कँडीत वाजपेयींचा गुडघा बदलायला आले होते, आणि ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द आपल्या घराघरात पोचला. तोही अख्खाच गुडघा होता.

आता १९८२. जानेवारीत संप सुरू झाला, भायखळा-परळच्या गिरण्यांचे भोंगे थांबले. त्याच वर्षी तिकडे ऑक्सफर्डमध्ये सर्जन जॉन गुडफेलो आणि इंजिनिअर जॉन ओ’कॉनर यांचा सांधा फक्त आतल्या कप्प्यासाठी वापरला जाऊ लागला. त्यात दोन धातूंच्या मध्ये प्लास्टिकची सरकती चकती असते. पण खरा शोध चकतीचा नव्हता, निवडीचा होता. गुडघ्याच्या मधोमध एसीएल नावाचं लिगामेंट असतं. ते शाबूत असेल तर झीज आतल्या कप्प्याच्या पुढच्या भागातच राहते, ते गेलं की पसरते. म्हणजे पूर्वीच्या अपयशात ऑपरेशनइतकाच चुकीच्या गुडघ्यांच्या निवडीचाही हात होता.

हे सगळं मी वाचायला लागलो ते माझ्या मावशीमुळे. ती भायखळ्याला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. एक डॉक्टर म्हणाले, अख्खा बदला. दुसरे म्हणाले, आतली बाजूच पुरे. मावशीने मला विचारलं, “अरे, अर्धं काम करून पुन्हा कापायला लावणार नाहीत ना?” प्रश्न अगदी रास्त होता. पार्शलनंतर पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण अख्ख्या गुडघ्यापेक्षा जास्त असतं, हे वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्या सांगतात. पण जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी असे गंभीर धोके त्यात कमी असतात. तिच्या एक्स-रेत बाहेरचा कप्पा चांगला दिसला, लिगामेंटही शाबूत होतं. तिने पार्शल करून घेतलं. आता ती कठडा धरून जिने चढते. जमिनीवर बसायचं मात्र तिने सोडलंय.

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘टॉपकॅट’ नावाची ब्रिटिश चाचणी छापून आली. ५२८ रुग्ण, २७ ठिकाणं. हे सगळे दोन्ही ऑपरेशनं चालण्यासारखे रुग्ण होते. पाच वर्षांनी दुखणं आणि हालचाल दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, आणि खर्चात पार्शल स्वस्त पडलं. ब्रिटनच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. जो सर्जन पार्शल क्वचितच करतो, त्याच्या रुग्णांना पुन्हा ऑपरेशन जास्त वेळा लागतं.

म्हणून तुमच्या घरात कुणाचा गुडघा दुखत असेल तर ‘अर्धा की अख्खा’ एवढ्यावरच वाद घालू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. झीज खरंच एकाच कप्प्यात आहे का? लिगामेंट धड आहे का? आणि तिसरी, जरा धीर करून विचारायची: “डॉक्टर, वर्षाला अशी किती करता?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, गुडघ्यांचीसुद्धा!