लिलावाआधीचा ताळेबंद
(कबड्डी संघाच्या मूल्यमापनाचा अभ्यास : प्रस्तावना)

प्रो कबड्डीचा अंतिम सामना संपतो, करंडक उचलला जातो आणि बहुतेक प्रेक्षक पुढच्या हंगामापर्यंत कबड्डी बाजूला ठेवतात. संघ चालवणाऱ्यांचं सगळ्यात अवघड काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, लिलावात कोणत्या जागेसाठी किती पैसे राखायचे? या प्रश्नांकडे शिस्तीने कसं पाहावं, हा या अभ्यासाचा विषय आहे. आजवर ही चर्चा मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या होत आली. ती वहीत उतरावी, तिला पुरावे मागायची सवय लागावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.

सुरतच्या डिंडोलीत बसून हे लिहिताना मला वाटतं की या अभ्यासाला इथल्यासारखे विद्यार्थी क्वचितच मिळतील. डिंडोली, उधना, लिंबायत या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनने आलेली हजारो कुटुंबं राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि हिंदी. गुजरात जायंट्स हा आपल्या राज्याचा संघ, पुणेरी पलटण आणि यू मुंबा आपल्या भाषेच्या मुलखातले. तीन संघांवर सारखीच माया असलेला माणूस तिन्ही संघांचे दोष पाहू शकतो, आणि मूल्यमापन करणाऱ्याकडे पहिली गोष्ट हवी ती हीच.

आकड्यांवरून खेळाडू पारखण्याच्या या विद्येची सुरुवात अमेरिकेतल्या बेसबॉलपासून झाली. बिल जेम्स हा कॅन्ससमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. 1977 पासून त्याने खेळाडूंच्या आकडेवारीची पुस्तिका स्वतःच छापून विकायला सुरुवात केली. पुढे 2002 मध्ये ओकलँड अॅथलेटिक्स या कमी पैशांच्या संघाने अशाच हिशेबावर माणसं निवडली, सलग 20 सामने जिंकले आणि हंगामात 103 विजय मिळवले. श्रीमंत न्यूयॉर्क यांकीजचे विजयही त्या वर्षी 103 च होते. ज्यांना कारखान्याची रात्रपाळी माहीत आहे, अशा आमच्या वाचकांनी बिल जेम्सचं नाव ध्यानात ठेवावं. या अभ्यासाला पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

पण बेसबॉलची मापं उचलून कबड्डीला लावता येत नाहीत. तिथे चेंडू फेकणारा आणि तो मारणारा समोरासमोर असतात. त्यामुळे कोणाचं श्रेय किती हे बरंचसं सुटं करता येतं. कबड्डीत सात जण एकमेकांचे हात धरून उभे असतात. एक पकड जवळून पाहू. चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे सरकतो, बोनससाठी पाय टाकतो. उजवा कोपरारक्षक खाली झेपावून घोटा धरतो. चढाईपटू एका पायावर मध्यरेषेकडे अंग फेकतो, पण तोवर उजव्या मध्यरक्षकाने पुढे येऊन त्याची वाट बंद केलेली असते. डावीकडची साखळीही आत वळते. गुणपत्रकात मात्र हा गुण एकट्या कोपरारक्षकाच्या नावावर पडतो. मध्यरक्षक नसता तर ती पकड सुटली असती आणि कोपरारक्षकच बाद होऊन बाहेर बसला असता, याची नोंद कुठेच नाही.

चढाईच्या आकड्यांचंही तसंच आहे. दोन चढाईपटूंचे आठ-आठ गुण झाले म्हणून ते सारखे ठरत नाहीत. स्पर्शाच्या गुणाने समोरचा गडी बाद होतो आणि आपला बाद झालेला गडी जिवंत होतो. बोनसने यातलं काहीच होत नाही, आणि समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. म्हणून आठपैकी स्पर्शाचे किती, बोनसचे किती, दोन चढाया रिकाम्या गेल्यावर येणाऱ्या निर्णायक चढाईत किती, हे वेगळं काढावं लागतं. चाळीस मिनिटांपैकी तो किती वेळ मॅटवर होता, हेही तपासावं लागतं.

यातून या अभ्यासाचं मुख्य म्हणणं निघतं : संघ पारखताना आधी जोड्या पाहाव्यात, माणसं नंतर. याचा उत्तम दाखला गुजरातचाच आहे. 2017 मध्ये लीगमध्ये चार नवे संघ आले, त्यांतला एक गुजरात. पहिल्याच हंगामात हा संघ अंतिम फेरीत पोचला आणि पाटणा पायरेट्सकडून 55-38 असा हरला. त्याचे दोन्ही कोपरे इराणी होते, फझल अत्राचली आणि अबोझार मिघानी. पुढच्या लिलावात दोघेही गेले. फझलला यू मुंबाने एक कोटी रुपये दिले. दोन्ही कोपरे गमावलेला संघ कोसळेल असं कोणालाही वाटलं असतं. पण मधली जोडी, सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल, शाबूत होती. गुजरात पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि बंगळुरू बुल्सशी 38-33 असा झुंजून हरला. कोपरे नवे होते, पण त्यांच्या पाठीशी कोण कधी येणार हे ठरलेलं होतं.

या जोडीची पुढची गोष्टही शिकण्यासारखी आहे. अकराव्या हंगामाच्या लिलावात यू मुंबाने सुनीलला 1 कोटी 1.5 लाख रुपये मोजले आणि परवेशलाही त्याहून कितीतरी कमी किमतीत घेतलं. ती जुनी मध्यफळी पुन्हा एकत्र आली आणि यू मुंबा बाद फेरीत पोचला. लिलावात बोली एकेकट्यावर लागते. त्यामुळे जोडीतल्या दुसऱ्याची खरी किंमत बाजाराला दिसत नाही, आणि अभ्यासकाला वाव आहे तो तिथेच.

आता एकाच महागड्या माणसाचं उदाहरण पाहू : इराणी खेळाडू मोहम्मदरझा शादलूई. दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने त्याला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. पगाराची एकूण मर्यादा 5 कोटींची, म्हणजे 47 टक्के रक्कम एकाच माणसावर. तरीही 1 मार्च 2024 ला पुण्याने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. हे जमलं, कारण अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आकाश शिंदे, पंकज मोहिते, मोहित गोयत ही तरुण मुलं आधीपासून संघात मुरलेली होती. पुण्याने शादलूईला तयार संघात बसवलं. पुढच्या वर्षी तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणा जिंकला. शादलूई गेलेला, त्यात अस्लमचा गुडघा दुखावलेला, अशा अवस्थेत पुणे बाद फेरीबाहेर राहिलं. मग बाराव्या हंगामासाठी आपल्या गुजरातने शादलूईला 2 कोटी 23 लाखांना आणलं, कर्णधार केलं, आणि संघाला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. शादलूईच्या दर्जाबद्दल मला शंका नाही. तो आला तेव्हा त्याच्या शेजारी कोण उभं होतं, हा प्रश्न आहे.

दुखापत आणि वय हे दोन विषयही प्रत्येक हिशेबात असायला हवेत. तमिळ थलायवाजने नवव्या हंगामात चढाईपटू पवन सेहरावतवर 2 कोटी 26 लाख खर्च केले आणि तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. तरी नरेंदर नावाच्या नवख्या पोराने भार उचलला आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. राखीव गडी तपासताना हे उदाहरण समोर ठेवावं. प्रदीप नरवालने 2017 च्या हंगामात चढाईचे 369 गुण मिळवले होते. 2021 मध्ये त्याला 1 कोटी 65 लाख मिळाले, 2024 मध्ये 70 लाख, आणि 2025 च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही. लीगमध्ये चढाईचे सर्वाधिक गुण घेतलेल्या माणसाच्या वाट्याला हे आलं. खेळाडूच्या कालच्या पराक्रमाचा मान राखूनही त्याच्या उद्याचा अंदाज बांधता आला पाहिजे, आणि तो बांधताना आपण कोणाच्या तरी पोटापाण्याबद्दल बोलतो आहोत याचं भान सुटता कामा नये.

नव्या वाचकाला एकच विनंती. एक संघ निवडा आणि त्याचे जमतील तितके सामने पुन्हा पाहा. पाहताना चेहऱ्यांकडे न बघता जागांकडे बघा. डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन मध्यरक्षक, असे रकाने आखा. प्रत्येक पकडीत पहिला हात कोणाचा आणि दुसरा कोणाचा, ते लिहा. मग कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी जाहीर होण्याआधी स्वतःची यादी करा, प्रत्येक नावापुढे एका ओळीत कारण द्या आणि खाली तारीख घाला. डिंडोली-उधन्यातल्या ज्यांची अशी वही तयार होईल, त्यांनी ती आम्हाला जरूर दाखवावी. या अभ्यासाची पुढची प्रकरणं त्या वह्यांतूनच लिहिली जाणार आहेत.

डिंडोली, सुरत