चांदण्याचे माप

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ साली आला. ह. ना. आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजीने गड घेतला तो रात्री. पौर्णिमेच्या चांदण्यात आपल्याला पायवाट दिसते. मग कॅमेऱ्याला का दिसू नये?

याचे उत्तर फ्रान्सच्या प्येर बुगेरने १७२९ सालच्या आपल्या पुस्तकात देऊन ठेवले होते. एक उजेड दुसऱ्याच्या कितीपट आहे, हे डोळ्याला सांगता येत नाही. पण शेजारी शेजारी पडलेले दोन उजेड सारखे आहेत की नाहीत, हे तो नेमके ओळखतो. बुगेरने मेणबत्तीचा उजेड एकदा मंद केलेल्या सूर्यप्रकाशाशी आणि एकदा चांदण्याशी जुळवला. ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. या नियमाने त्याने हिशेब केला, तेव्हा सूर्यप्रकाश चांदण्याच्या तीन लाख पट भरला. आजच्या मापाने तो सुमारे चार लाख पट आहे.

एका मेणबत्तीपासून एक मीटरवर साधारण एक लक्स प्रकाश पडतो. पौर्णिमेचे चांदणे जेमतेम पाव लक्स, म्हणजे दोन मीटरवरच्या मेणबत्तीएवढे! भर दुपारी उघड्यावर मात्र सुमारे एक लाख लक्स असतो. डोळा अंधाराला सरावतो, फिल्म सरावत नाही. बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला, भारतीय चित्रपटातील तो पहिला वापर मानला जातो. प्रकाशविद्युत घटावर चालणारा वेस्टन कंपनीचा प्रकाशमापक १९३२ साली आला. त्याआधी छायाचित्रकाराची भिस्त मुख्यतः अनुभवावर असे.

आम्हांला हा इतिहास वर्गासाठी महत्त्वाचा वाटतो. वर्गात सुमारे तीनशे लक्स प्रकाश असावा असे मानतात. खिडकीजवळच्या बाकावर तो सहज मिळतो. आतल्या कोपऱ्यात त्याचा दहावा भागही नसू शकतो. पण डोळा सरावल्यामुळे हा फरक ना शिक्षकाच्या लक्षात येत, ना मुलाच्या. पुस्तकात नाक खुपसणाऱ्या मुलाला आपण ‘नीट बस’ म्हणतो. त्याच्या वहीवर उजेड किती पडतो, ते पाहत नाही.

बुगेरची युक्ती मुलांना करून दाखवता येते. पांढऱ्या कागदावर गोडेतेलाचा थेंब टाका. खोलीत अंधार करून कागद उभा धरा. एका बाजूला ३० सेंटिमीटरवर एक मेणबत्ती ठेवा आणि दुसऱ्या बाजूला एकमेकींना चिकटून चार. या चार हळूहळू दूर न्या. ६० सेंटिमीटरच्या आसपास तेलाचा डाग जवळजवळ दिसेनासा होतो. दोन्ही बाजूंचा प्रकाश सारखा झाल्याची ती खूण. जर्मनीत बुन्सेनने हीच युक्ती वापरली होती.

मग एखाद्या मोबाइल फोनवरील प्रकाशमापकाने प्रत्येक बाकावरचा आकडा मुलांनाच नोंदवू द्या. फोनचा आकडा अगदी अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. बाके कशी फिरवायची, हे तो तक्ताच सांगेल.