फ्लॉपीत अडकलेली मराठी

आज बडोद्याहून टाकलेला मराठी मजकूर इंदूर, बेळगाव, हैदराबादला जसाच्या तसा दिसतो. १९९०च्या दशकात असं नव्हतं. तेव्हा टाइप केलेलं कितीतरी मराठी आज कुणालाच वाचता येत नाही. ते का, हे आपल्या घराघरांतल्या कागदांसाठी समजून घ्यायला हवं.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. अमेरिकेत ठरलेल्या ‘ॲस्की’ कोष्टकात १२८ जागा; त्या इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं नि यंत्राच्या सूचनांनीच भरल्या. भारतीय मानक ब्युरोने १९९१मध्ये आपल्या लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक काढलं. पण छपाईच्या दुकानांत चलती होती फॉन्टची. फॉन्टवाल्यांची युक्ती सोपी: क्रमांक इंग्रजीचा ठेवायचा, चित्र मराठीचं बसवायचं. पडद्यावर ‘क’ दिसे, आत मात्र भलतंच इंग्रजी अक्षर. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसला की सगळी अगम्य चिन्हं!

त्याच १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. प्रत्येक लिपीला स्वतःचे क्रमांक, ही त्यातली कल्पना. देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावरून घेतलेली. विंडोज २०००मध्ये देवनागरीची सोय झाली, तरी आमच्याकडची दुकानं बरीच वर्षं जुन्या फॉन्टवरच होती. ‘ॲप’मधला आपला ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून २००८मध्ये आला. मोडीला तर २०१४ उजाडलं.

आमच्या मंडळाची १९९७ची स्मरणिका या मधल्या काळातली. गायकवाडीत इथे आलेल्या घराण्यांच्या आठवणी तिच्यात होत्या: कोण कुठल्या गावचं, कुणाचा वाडा कुठे, कुणी कुठे नोकरी केली. लिहिणारे बहुतेक आज नाहीत. उरलेल्या एकुलत्या प्रतीची शेवटची पानं वाळवीने खाल्ली. फ्लॉपी सापडली, फाइलही उघडली, पण आत इंग्रजी अक्षरं नि डॉलरची चिन्हं. फॉन्ट बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली.

माझा भाचा पुण्यात प्रोग्रामर आहे. त्याने शाबूत पानं आणि फाइल शेजारी ठेवून एकेक चिन्ह ताडलं, कोष्टक केलं. पहिल्या खेपेला सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या चुकीच्या अक्षरावर बसल्या! जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. तो नियम घातल्यावर वाळवीने खाल्लेली पानंही वाचता आली. माझ्या आजीच्या माहेरचं गाव मला तिथे कळलं.

तेव्हा एक विनंती. घरात, मंडळात, वाचनालयात जुन्या फ्लॉप्या-सीड्या असतील तर फेकू नका. छापील प्रत जपा, कारण कोष्टक तिच्यावरूनच बनतं. फॉन्टचं नाव आठवत असेल तर पाकिटावर लिहून ठेवा. आणि यंदाची स्मरणिका छापखान्यात देताना युनिकोडमधली फाइल मागून घ्या. नातवंडांना ती थेट वाचता येईल.