सायक्लोन धूळसंकलक

धूळमिश्रित वायू वेगाने गोल फिरवून त्यातील घन कण वेगळे काढणारे साधन. त्याच्या आत हलणारा एकही भाग नसतो. अमेरिकेत जॉन फिंच यांना १८८५ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. आज लाकूडकामाचे कारखाने, पिठाच्या गिरण्या, सिमेंट उद्योग व साखर कारखान्यांतील बगॅसचे बॉयलर येथे ते वापरतात. दंडगोलाच्या वरच्या भागात हवा भिंतीलगत तिरकी शिरते, गिरक्या घेत खालच्या निमुळत्या शंकूत उतरते, तेथे उलटून अक्षाजवळच्या आतल्या भोवऱ्यातून वर चढते आणि मधल्या नळीतून बाहेर पडते. कण मात्र जडत्वामुळे भिंतीकडे सरकतात आणि भिंतीलगतच्या प्रवाहाबरोबर तळाच्या हॉपरमध्ये उतरतात.

सायक्लोनची कार्यक्षमता अनेकदा एकाच टक्केवारीत सांगितली जाते; कणांचा आकार दिल्याशिवाय तिला अर्थ नसतो. कणाला बाहेर लोटणारी प्रेरणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, हवेचा विरोध मात्र व्यासाच्याच प्रमाणात. त्यामुळे १० मायक्रॉनचा कण त्याच घनतेच्या १ मायक्रॉनच्या कणापेक्षा सुमारे १०० पट वेगाने भिंतीकडे जातो. यावर कोणी म्हणेल, की हवेचा वेग वाढवला की बारीक कणही सापडतील. अर्धा मीटर त्रिज्येवर सेकंदाला १५ मीटर वेगाने फिरताना मिळणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४६ पट असते आणि वेग दुप्पट केल्यास ते चौपट होते, हे खरे. पण दाबातील घटही साधारण चौपट होते, पंख्याची वीज वाढते आणि अतिवेगाने भिंतीवरची धूळ पुन्हा उडते. म्हणून त्रिज्या कमी करून अनेक छोटे सायक्लोन समांतर जोडतात, हाच मल्टिसायक्लोन. तरीही २.५ मायक्रॉनखालची बरीच धूळ निसटते.

मग सरळ कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टरच का बसवू नये? बारीक धुळीसाठी तो निश्चितच सरस आहे. परंतु सिमेंटच्या प्रीहीटर मनोऱ्यात खालच्या टप्प्यावरचा वायू ८०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असतो. तेथे कापड टिकत नाही, सायक्लोन टिकतो. ठिणग्या व भरड धूळ आधीच काढून तो पुढच्या फिल्टरचे आयुष्यही वाढवतो. मात्र तळाच्या झडपेतून बाहेरची हवा आत शिरली, तर जमलेली धूळ पुन्हा वर चढते. सारांश, सायक्लोन हा भरड धुळीसाठी भरवशाचा पहिला टप्पा आहे; बारीक धुळीवरचा अखेरचा उपाय म्हणून तो अपुरा पडतो. त्यामुळे तो निवडण्यापूर्वी आपल्या धुळीतील कणांचे आकारमान तपासून घ्यावे.