खाडीपलीकडची भाषा

आमचे एक शाळासोबती मूळचे कोर्लईचे. वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी असत. पुढे त्यांचे सारे आयुष्य मुंबईच्या नोकरीत गेले. निवृत्तीनंतर त्यांनी आग्रह धरला, "एक दिवस रेवदंडा आणि कोर्लई पाहू. तू मला इतिहास सांग, मी तुला गाव दाखवतो." सौदा आम्हांला मान्य होता.

सकाळी रेवदंड्यास उतरलो. शेजारचे चौल हे फार प्राचीन बंदर. टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख आहे. इ. स. १५०८ मध्ये याच बंदरात इजिप्त व गुजरातच्या आरमारांशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५१६ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी येथे वखार घातली आणि १५२१ मध्ये किल्ल्याचे काम हाती घेतले. १५७०-७१ चा निजामशाही वेढाही त्यांनी परतवला.

त्या तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. झाडांमधून मध्येच एखादी भिंत, एखादी कमान डोकावते. फ्रान्सिस्कन मठाचा उंच बुरूज अजून उभा आहे. लोक त्यास सातखणी म्हणतात. जेथे घंटा वाजत, तेथे आता पारव्यांची वस्ती आहे. आमचे मित्र टोपी काढून क्षणभर स्तब्ध उभे राहिले.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. फौज गेली, अधिकारी गेले. ज्यांना जाण्यासारखे ठिकाण नव्हते, ती येथील गरीब ख्रिस्ती कुटुंबे मात्र राहिली. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी, त्यांची वस्ती टिकली. राजसत्तेचा आधार सुटल्यावरही त्यांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत : आपली श्रद्धा आणि आपली बोली.

ही बोली म्हणजे 'नौ लिंग', अर्थात 'आपली भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज. परंतु क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. शेजाऱ्यांशी अडीचशेहून अधिक वर्षे केलेल्या व्यवहाराची ती खूण आहे. आपली मराठी तरी कोठे अलिप्त राहिली? पाव, चावी, पगार हे शब्द आपण पोर्तुगिजांकडूनच घेतले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लान्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली या बोलीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणारे लोक आज हजाराच्या आतबाहेर असावेत. पूर्वी मध्ये खाडी होती, म्हणून गाव आपल्यापुरते राहिले. पूल झाला, शाळा-नोकऱ्या जवळ आल्या आणि मराठी घराघरांत शिरली. त्यात वाईट काही नाही. मात्र एका भाषेने दुसरीला उंबऱ्याबाहेर काढावे, याचे दुःख होते.

दुपारी कोर्लईत एका ओट्यावर बसलेल्या वृद्ध बाईंनी आमच्या मित्रांना ओळखले. त्यांनी 'आपल्या भाषेत' भरभरून विचारपूस केली. मित्रांना सारे समजत होते. परंतु उत्तर देताना प्रत्येक वेळी मराठीच ओठांवर येई. शेवटी बाई हसून मराठीत म्हणाल्या, "बाबा, तुझी आई असती तर तुला ओरडली असती."

संध्याकाळी पुलावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वसतिगृहात मुले हसत, म्हणून मी बोलणे सोडले. पुढे मुलांना शिकवले नाही, कारण उपयोग काय, असे वाटले." त्या हसणाऱ्या मुलांत आम्हीही होतो. त्यांना ते आठवत असावे. त्यांनी तसे म्हटले नाही. आम्हीच तो विषय काढला आणि पन्नास वर्षांनंतर क्षमा मागितली. त्यांनी नुसता आमचा हात दाबला.

सकाळी इतिहास सांगण्याचे काम आमच्याकडे होते. तटबंदी वाऱ्यापावसाने पडते, साम्राज्ये युद्धाने पडतात. बोली मात्र मुलांच्या हसण्यानेही पडू शकते, हे आम्हांला त्या दिवशी कळले. ज्यांच्या घरी आजीची वेगळी बोली अजून कानी पडते, त्यांनी ती मुलांनाही ऐकवावी, एवढीच विनंती.