चौदा फ्रेम्सचा हिशेब : चित्रपटगृहांतील कार्टूनपटांची कला आणि अर्थकारण

रोडरनर पक्ष्याच्या मागे धावणारा वाइली कायोटी तुम्ही टीव्हीवर कधीतरी पाहिला असेल. धावता धावता तो कड्याच्या पुढे जातो, हवेत क्षणभर थबकतो आणि कोसळतो. दरीत लहान लहान होत दिसेनासा होतो. क्षणभर काहीच घडत नाही. मग तळाशी धुळीचा छोटासा ढग उठतो आणि आपण हसतो.

या हशाचा हिशेब दिग्दर्शक चक जोन्स यांनी सांगून ठेवला आहे. कायोटी दिसेनासा व्हायला १८ फ्रेम्स आणि त्यानंतर तो आदळेपर्यंत १४ फ्रेम्स. १३ किंवा १५ ठेवल्या तर विनोद साधत नाही, असा त्यांचा अनुभव होता. चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम्स असतात. म्हणजे विनोद साधणे किंवा फसणे सेकंदाच्या चोविसाव्या भागावर ठरत होते. एवढी बारीक कारागिरी कोणत्या व्यवस्थेत घडली आणि ती व्यवस्था का मोडली, हे या पाठात पाहू.

प्रेक्षक कोण होते?

हे कार्टूनपट मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी तयार झाले नव्हते. १९३० ते १९५० च्या दशकांत अमेरिकन चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी वार्तापट, लघुपट आणि सहा-सात मिनिटांचा कार्टूनपट दाखवला जाई. समोर लहान-मोठे सगळेच बसलेले असत. डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’ने (१९२८) चित्र आणि ध्वनी यांचा अचूक मेळ लोकप्रिय केला. पुढे वॉर्नर ब्रदर्स आणि एमजीएम यांनीही स्वतःचे कार्टून विभाग चालवले.

काम कसे चाले?

साधे गणित करून पाहा. सहा मिनिटे म्हणजे ८,६४० फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम्स टिकवले, तरी सतत हलणाऱ्या एका पात्रासाठी चार हजारांहून अधिक चित्रे लागतात. काढलेली चित्रे वाया घालवणे परवडत नसे. म्हणून कोणती हालचाल किती फ्रेम्स चालेल हे दिग्दर्शक आधीच तक्त्यावर लिहून ठेवी. इतर चित्रपटांचे संकलन चित्रीकरणानंतर होते. इथे ते बहुतांशी चित्रे काढण्याआधीच होई. वॉर्नरमध्ये १९३६ ते १९५८ या काळात संगीत सांभाळणारे कार्ल स्टॉलिंग याच मोजमापावर स्वररचना बांधत.

मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतील महत्त्वाच्या मुद्रा काढी आणि साहाय्यक मधली चित्रे भरत. मग पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने रेषा गिरवून मागच्या बाजूने रंग भरला जाई. हे शेवटचे काम प्रामुख्याने स्त्रिया करत. श्रेयनामावलीत त्यांची नावे सहसा नसत. १९४१ मध्ये डिस्नेच्या कलाकारांनी संप केला. संघटनेला मान्यता ही त्यांची मुख्य मागणी होती. पगारातील तफावत आणि पडद्यावर नाव न येणे हेही असंतोषाचे कारण होते.

कलेची ओढ कधी कधी वेळापत्रकाच्या पुढे जाई. ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ (१९५७) या कार्टूनपटात रिचर्ड वाग्नरच्या भव्य संगीतनाट्याची नक्कल सात मिनिटांच्या आत बसवली आहे. त्यासाठी नेमून दिलेला वेळ पुरेना, तेव्हा जादा आठवडे रोडरनरच्या कार्टूनपटाच्या नावावर दाखवले, असे जोन्स यांनी नंतर सांगितले. १९९२ मध्ये हा कार्टूनपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला.

व्यवस्था का मोडली?

मोठे स्टुडिओ आपले चित्रपट चित्रपटगृहांना एकगठ्ठा घ्यायला लावत, आणि अनेक चित्रपटगृहे त्यांच्याच मालकीची होती. १९४८ मध्ये पॅरामाउंट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. आता कार्टूनपटासाठी चांगले पैसे मोजण्याची सक्ती चित्रपटगृहांवर राहिली नाही. त्यातच टीव्ही आला. एमजीएमचा कार्टून विभाग १९५७ मध्ये आणि वॉर्नरचा १९६३ मध्ये बंद झाला. टीव्हीसाठी कमी चित्रांत काम भागवण्याची पद्धत रूढ झाली.

इथे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तुम्हाला एक अवघड गोष्ट स्वीकारावी लागेल. चौदा फ्रेम्सची ती अचूकता मक्तेदारीच्या पैशावर आणि अनामिक हातांच्या कष्टावर उभी होती. यांतील काही कार्टूनपटांत कृष्णवर्णीयांची अपमानकारक चित्रणेही आहेत. म्हणून कलेचा दर्जा नाकारू नये, आणि कलेवर लुब्ध होऊन तिची किंमत कोणी मोजली हेही विसरू नये. रसग्रहण आणि इतिहास एकत्र चालले, तरच दोन्ही पुरे होतात.

स्वाध्याय : या काळातील कोणताही एक कार्टूनपट दोनदा पाहा : एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून. कोणता विनोद केवळ चित्रावर उभा आहे आणि कोणता ध्वनीवर, याची नोंद करा. शेवटी श्रेयनामावलीतील नावे मोजा, आणि वर वर्णन केलेल्या कामांपैकी कोणाची नावे तिथे नाहीत ते लिहा.