३१ मार्चचं बिल: शोरूमच्या मॅनेजरची गोष्ट

इतिहास म्हटलं की आपण किल्ले नि लढाया काढतो. आज मात्र बिलावरच्या एका तारखेचा इतिहास सांगतो. माझा मामा चंद्रपुरात टू-व्हीलरच्या एका शोरूममध्ये मॅनेजर होता, तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

थोडं मागे जाऊ. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. पण गाडी घ्यायला अहेरी, सिरोंच्याकडचे लोक चंद्रपूरलाही येतच राहिले. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. गाडी मालकाच्या पत्त्यानुसार पासिंग व्हायची, म्हणजे चंद्रपूरचा माणूस एमएच-३४, गडचिरोलीचा एमएच-३३. विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१. तो द्यायचा डीलरने, आणि मामाच्या शोरूममध्ये त्यावर सही मामाची. म्हणजे गाडी विकतो सेल्समन, पण कायद्यापुढे उभा राहतो मॅनेजर.

आता या २९ मार्च २०१७ वर. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत, नोंदवायच्याही नाहीत. देशभरात अशा ८ लाखांवर गाड्या पडून होत्या. हातात दोन दिवस. कंपन्यांनी हजारोंची सूट दिली आणि शोरूमबाहेर झुंबड उडाली. कोर्टाने सवलत एकच ठेवली: ३१ मार्चपर्यंत विकल्याचा पुरावा असेल तर नोंदणी नंतर होईल.

पुरावा म्हणजे काय? बिलावरची तारीख. इथेच खरी परीक्षा होती.

१ एप्रिलला एटापल्लीकडचा एक शेतकरी पैसे घेऊन आला. बस चुकली होती. मागच्या रांगेत एक गाडी शिल्लक होती. मालक म्हणाले, "कालची तारीख टाका ना, कोण पाहते?" मामा म्हणाला, "साहेब, सही माझी आहे. तारीख काहून बदलवू?" गाडी तशीच राहिली. तो माणूस रिकाम्या हाताने परतला. मामाला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं.

तेव्हा मला मामा हट्टी वाटला होता. मत बदललं ते २०२० मध्ये. यावेळी बीएस-४ ची पाळी होती, शेवटची तारीख पुन्हा ३१ मार्च, आणि मध्येच लॉकडाऊन. कोर्टाने आधी १० टक्के स्टॉक विकायची मुभा दिली. पण मुभेपेक्षा कितीतरी जास्त गाड्या विकल्याचं दिसलं, तेव्हा ८ जुलैला तो आदेश मागे घेतला. १३ ऑगस्टला दिलासा मिळाला तो ३१ मार्चपर्यंत विकलेल्या आणि 'वाहन' पोर्टलवर नोंद झालेल्या गाड्यांना.

मी सॉफ्टवेअरवाला, मला हे लगेच कळलं. २०१७ मध्ये पुरावा कागदाचा होता, २०२० मध्ये डेटाबेसमधल्या टाइमस्टॅम्पचा. ज्या मॅनेजरने त्याच दिवशी एंट्री केली, त्याचं गिऱ्हाईक वाचलं. ज्याने "उद्या करू" म्हटलं, त्याच्या गिऱ्हाइकाची गाडी अंगणात अडकायची पाळी.

राजेहो, सिस्टिम कितीही भारी करा, पहिली एंट्री माणूसच करतो. पुढच्या वेळी गाडी घ्याल तेव्हा ऑफर विचाराच, पण फॉर्म २१ वरची तारीखही बघा. भेटू पुढच्या भागात!